ताडपत्री : एका दीर्घकथेच्या कामाच्या नोंदी

३१ मार्च २०२५, हर्णै

संस्थेची वर्षअखेर आज आटोपली. कीर्द जुळली, शिल्लक जुळली, चाव्या सेक्रेटरींच्या हवाली केल्या आणि घरी येऊन ही वही उघडली. यंदा दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा पुरी करायची आहे, नऊ-दहा हजार शब्दांची. काम कसं सरकतंय ते इथे तारखेवार लिहीत जाणार आहे. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या आणखी कोणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

माझी नोकरी मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेतली. काउंटरवर डिझेलच्या पावत्या, बर्फाची उधारी, जाळ्यांचं सामान, सभासदांची कर्जखाती. ऑगस्ट ते मे मान वर करायला फुरसत नसते. बंदरावर संध्याकाळचा लिलाव लागला की नाखवे, म्हणजे बोटवाले, पैसे भरायला आमच्याकडे येतात, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण कधीच उलटलेली असते. "रिकामी असशील तेव्हा लिहीत जा" असं सगळे मायेनेच सांगतात. पण रिकामपण आपोआप येत नाही. वर्षाचं काम डोळ्यांसमोर मांडून त्यातच लिहिण्याची जागा आधी धरावी लागते.

ती जागा माझ्या नोकरीतच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणांनी. ते ६१ दिवस काउंटरवर डिझेल नाही, बर्फ नाही. कामावर रोज जायचंच असतं, पण पाचला कुलूप लागतं. आणि दिवाळी अंकांचे संपादक मजकूर मागतात तो साधारण जुलैअखेरपर्यंत. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांत चपखल बसतात. म्हणून ठरवलंय : एप्रिल-मेमध्ये टिपणं आणि आराखडा, जून-जुलैमध्ये लेखन, बोटी सुटायच्या आत मजकूर रवाना.

मराठीत ही सोय शंभरावर वर्षं जुनी आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. शिक्षक, कारकून, डॉक्टर, पोस्टातली माणसं वर्षभर आपापली कामं करून दिवाळीला एक कथा देत आली. माझ्यासारखीला मोठी कादंबरी एकदम झेपणार नाही, पण दिवाळीची तारीख झेपते.

१३ एप्रिल

गोष्ट कशाची, ते ठरलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, पण आमच्या दापोली तालुक्यानेही मार खाल्ला. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती.

माझ्या गोष्टीतल्या नाखव्याकडे एकच चांगली ताडपत्री आहे. ती बोटीची. वादळात घराचं छप्पर गेलं म्हणून ती घरावर चढते आणि बोट उघडी पडते. पाऊस तर आता सुरू झालाय. बाजारात पत्रे नाहीत, ताडपत्री नाही, जे आहे त्याचा भाव दुप्पट. नवरा गणपत, बायको द्वारका, गणपतची आई. ताडपत्री कुठे राहायची, एवढाच प्रश्न.

वादळ मी कथेत दाखवणार नाही. कथा पाचव्या दिवशी सुरू होते, माणसं दमलेली असताना आणि मदतीची पहिली गर्दी ओसरल्यावर. वादळावर सगळ्यांनी लिहिलंय. नंतरच्या ओल्या दिवसांवर कोणी फारसं लिहीत नाही, आणि खरा संसार तिथेच होतो.

४ मे

पहाटे पावणेपाच ते सहा. ही वेळ घरात आता सर्वांना ठाऊक झाली आहे. आईंनी (सासूबाईंनी) आपण होऊन सांगितलं, "सहापर्यंत मी तुला हाक मारणार नाही. चहा माझा मी करून घेईन." हे मी फार मोठं मानते. लेखनाला खोली लागते, टेबल लागतं म्हणतात. मला वाटतं, आधी घरातलं एक माणूस लागतं, ज्याला तुमच्या त्या तासाची कदर आहे.

टिपणं चालू आहेत. हाताने लिहिते, आखीव फुलस्केपवर. मोबाइलवर बोलून टंकता येतं, पण सगळी निजलेली असताना बोलायचं कुणाशी, आणि बोललेलं वाक्य कागदावर सैल पडतं.

२७ मे

गेले चार दिवस एक ओळ नाही. २४ तारखेला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर झालं. मे महिना उरलेला असतानाच हंगाम बुडाला. हर्णैला बोटींना आडोसा नाही, त्यामुळे वारा फिरला की सगळ्या आंजर्ल्याच्या खाडीत पळतात. तशाच पळाल्या. शेवटच्या फेरीचे पैसे बुडाल्याने हिशोब अडले, खलाशांना घरी जायचं होतं, त्यात नेपाळची मुलं होती, त्यांची गाडीची तिकिटं काढलेली. संस्थेत रात्री साडेआठपर्यंत माणसं.

या दिवसांत लिहायचं नाही असं मी आधीच धरलं होतं. माणसं समोर अडचणीत उभी असताना मनात वाक्यं जुळवत बसले तर पावतीही नीट होत नाही आणि वाक्यही नाही. काउंटरवर असले की काउंटरवरच असायचं.

८ जून

आज रविवार. खाडीच्या कडेला बोट शाकारताना जवळून पाहिलं, तीन तास बसून.

बोट ओढून घेतली की खाली ओंडके देतात, बाजूंनी टेकू. मग आतलं एकेक उतरवतात. सर्वांत आधी बॅटरी आणि वायरलेस. मग जाळी, दोर, बोये, स्वयंपाकाची भांडी. इंजिनाला ग्रीस चोपडतात, उघडी तोंडं चिंध्यांनी बुजवतात. वर आडवा बांबू, त्यावरून दोन्ही अंगांना उतरता मांडव आणि त्याच्यावर ताडपत्री. पूर्वी नारळीची झापं घालत, अजूनही काही जण ताडपत्रीखाली झापांचा एक थर देतात, म्हणजे आत घाम धरत नाही. दोर बांधणारा म्हातारा प्रत्येक गाठ मारल्यावर ती अंगठ्याने दाबून बघत होता. गाठ ओली झाली की आवळते, म्हणून आज थोडी सैल ठेवायची, असं त्याने नातवाला सांगितलं. नातू मोबाइलवर होता. म्हाताऱ्याने तेच पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता.

कथेतली ताडपत्री मला आतापर्यंत नुसती निळी दिसत होती. आज तिच्या कडेची पितळी भोकं दिसली. त्यांतली दोन फाटलेली, आणि तिथे दोराऐवजी काथ्या ओवलेला. गणपतच्या ताडपत्रीलाही आता दोन भोकं फाटलेली असतील. घरावर घातल्यावर वाऱ्याने तीच बाजू उचलली जाईल आणि रात्रभर फडफडेल. द्वारकेची झोप तिथे जाईल. एका काथ्याने मला पूर्ण प्रसंग दिला.

१६ जून

रोज पान-दीड पान होतंय. कधी अर्धं. पहिली दहा पानं उभी राहिली.

संवाद इथल्या बोलीत, निवेदन प्रमाण मराठीत. बोली किती गडद करायची यावर दोन पहाटा गेल्या. आमच्या बंदरावर कोळी, खारवी, भंडारी, मुसलमान, सगळ्यांचं बोलणं थोडं थोडं वेगळं. सगळ्या खुणा कागदावर आणल्या तर वाचणारा अडखळतो आणि माणसांपेक्षा उच्चारच पुढे येतात. म्हणून क्रियापदं आणि हाका तेवढ्या बोलीतल्या ठेवते. वाक्याची चाल मात्र पूर्ण इथली. गणपतची आई प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, उलट दुसरी गोष्ट सांगते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या असंच बोलतात, आणि त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं.

२२ जून

आज मुर्डीला जाऊन आले, आंजर्ल्याच्या पुलावरून. श्री. ना. पेंडसे १९१३ साली या गावात जन्मले. त्यांनी मुंबईत बेस्टमध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली आणि लिहिलं हा किनारा, ही माणसं. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट फार धीराची वाटते. बसगाड्यांच्या कारभारात दिवस घालवणाऱ्या माणसाने संध्याकाळी मनातलं गाव उघडलं आणि ते शिळं होऊ दिलं नाही. त्यांचं गाव दूर होतं, माझं काउंटरच्या पलीकडे उभं असतं. दूर असण्यात आठवण गाळून येते. जवळ असण्यात दुसराच प्रश्न येतो, तो या आठवड्यात माझ्यासमोर आलाच.

२६ जून

तोच प्रश्न.

गेल्या आठवड्यात, मंगळवारी, एक काकी कर्जाचा हप्ता भरायला आल्या. दुरुस्तीचं कर्ज, जुनं. प्रिंटर अडकला होता म्हणून त्या बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्या वादळाच्या वर्षाचं बोलत राहिल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "घरात पाणी आला तर पुसता येता. बोटीत पाणी आला तर आमचा वरीस गेला."

हे द्वारकेचं वाक्य आहे. मी दोन महिने ते शोधत होते. द्वारका ताडपत्री बोटीवर परत घाला म्हणते आणि गणपत म्हणतो घरावरच राहू दे, असं हवं; मी ते उलटं धरलं होतं. बायको घराची बाजू घेईल आणि पुरुष बोटीची, हे सगळ्यांना आधीच वाटतं. प्रत्यक्षात घरखर्च जिच्या हातून जातो तिला बोट म्हणजे काय ते जास्त कळतं. हे या एका वाक्यात होतं.

पण ते वाक्य माझ्यासमोर आलं ते मी लेखक म्हणून नाही. मी संस्थेची कारकून आहे, काकींचं खातं माझ्या संगणकावर उघडं होतं, किती हप्ते थकले ते मला दिसत होतं. माणूस कर्जाच्या काउंटरवर मोकळं बोलतं ते विश्वासाने, आणि थोडं नाइलाजानेही. तिथे ऐकलेलं उचलून छापायचं हे मला पटत नाही. नाव बदललं की झालं, असं लिहिणारे म्हणतात. आमच्या गावात नाव बदलून काही होत नाही. दोन खुणांवरून माणूस ओळखतात.

म्हणून माझ्यापुरती रेघ आखली. नोकरीने मला जे सर्वांदेखत दाखवलं ते माझं : लिलावातला ओरडा, बोटींचं येणं-जाणं, पावसातले रिकामे दिवस, माणसांची बोलायची ढब. खात्यातलं काहीही माझं नाही. कोणाचा आकडा नाही, कोणाची थकबाकी नाही, सहीसाठी थरथरलेला हात नाही. आणि एखाद्याचं वाक्यच हवं असेल तर त्याला विचारायचं, संस्थेच्या बाहेर, कामाच्या वेळेनंतर.

२९ जून

विचारलं. काकींच्या पडवीत गेले. त्या सोडे निवडत होत्या. सरळ सांगितलं, "काकी, मी गोष्ट लिहितेय. त्या दिवशी तुम्ही बोटीतल्या पाण्याचं बोललात ना, ते माझ्या गोष्टीतल्या बाईच्या तोंडी घालू का?"

"काय बोललय मी?"

मी म्हणून दाखवलं.

त्या जरा वेळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "घाल. माजा नाव नको घालू. नि हप्त्याचा काय लिवू नको."

"हप्त्याचं कुठेच नाही काकी. कर्जच नाही गोष्टीत."

"मग पैसं कुठना आणलान त्यांनी?"

हा प्रश्न माझ्या आराखड्यात नव्हता. वादळानंतर गणपतचं घर चालतं कशावर? मदतीचे पैसे यायला वेळ लागला, हे सगळ्यांना माहीत आहे. काकींनीच उत्तर दिलं, सुपाकडे बोट दाखवून. सुकी मासळी. आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भरून ठेवलेले सोडे, बोंबील, सुकट. वादळात कोणाचे भिजले, कोणाचे वाचले, आणि ज्यांचे वाचले त्यांनी ते विकले, स्वतः खाल्ले नाहीत. मग त्यांनी आणखी एक सांगितलं : बोटीची बॅटरी त्यांच्याकडे दर वर्षी देव्हाऱ्याखाली ठेवतात. वीज नव्हती तेव्हा तिच्यावर एक बारका दिवा लावला होता, तोही फक्त जेवायच्या वेळेला.

निघताना ओंजळभर सोडे बांधून दिले. घेतले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

६ जुलै

आषाढी. उपास आणि सुट्टी, दोन्ही सत्कारणी लागलं. द्वारका आणि गणपतची अदलाबदल करून पहिली दहा पानं पुन्हा लिहिली. गणपत आता घराच्या बाजूने आहे, कारण आई भिजते. द्वारका बोटीच्या बाजूने. दोघंही बरोबर आहेत, त्यामुळे भांडणाला वजन आलं. सुक्या मासळीचा डबा मध्ये आला. डबा किती रिकामा झाला, यावर कथेचे दिवस मोजले जातात. तारखा लिहायची गरज उरली नाही.

१५ जुलै

पहिला खर्डा पुरा. अकरा हजाराच्या वर गेलाय.

शेवटावर खूप घोळले. ताडपत्री मधोमध कापून दोन तुकडे करायचे, असा एक शेवट हाताशी होता. वाचायला छान वाटतो. पण नाखव्याच्या घरात चांगली ताडपत्री कोणी कापणार नाही. ती पुढच्या कैक हंगामांची वस्तू आहे, आणि अर्धी कुठेच पुरत नाही. तो शेवट लेखकाच्या सोयीचा होता, गणपत-द्वारकेच्या नाही. आता शेवट असा : उघडीप मिळते, म्हातारी स्वतःच आपली वळकटी उचलून शेजारच्या पडवीत जाऊन बसते, कोणाला काही न सांगता. मग ताडपत्री उतरवायला द्वारका वर चढते आणि गणपत शिडी धरतो. बोलणं नाही.

रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. जिथे तो मोबाइलकडे बघायला लागला तिथे समासात फुली मारली. मोठ्याने वाचलं की लांबलेली वाक्यं आपणच गिळायला लागतो, तिथेही फुल्या. बहुतेक फुल्या निसर्गवर्णनावर पडल्या. समुद्र कसा दिसतो यावरचे चार परिच्छेद काढले. रोज समुद्र पाहणारी माणसं समुद्राचं वर्णन करत नाहीत, वारा कुठला आहे ते बघतात.

२६ जुलै

फुलस्केपवरून टंकलेखन संपलं. लेकीने शेवटची आठ पानं टंकून दिली. "आई, तुझं अक्षर डॉक्टरांसारखं झालंय" म्हणाली.

कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते : संपादक आता युनिकोडमधली वर्ड फाइल मागतात. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे सुरुवातच युनिकोडमध्ये केलेली बरी. मजकुरासोबत कथा अप्रकाशित असल्याचं, पूर्ण पत्ता आणि फोन लिहायचा. एकच कथा एका वेळी एकाच अंकाकडे पाठवायची. हस्तलिखिताची प्रत स्वतःकडे ठेवायचीच.

साडेनऊ हजार शब्द. आज रात्री पाठवली. सोमवारपासून परवान्यांचे कागद, डिझेलची नावनोंदणी आणि बर्फाची आगाऊ मागणी सुरू होतेय. खलाशी परतायला लागलेत.

१ ऑगस्ट

बंदी उठली. सकाळी सहापासून काउंटर. लिहायचं काही नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

१९ ऑगस्ट

संपादकांचा फोन आला, दुपारी, ऐन गर्दीत. जिन्यात जाऊन घेतला. कथा घेतली आहे. दोन सूचना. एक, मधला बाजाराचा प्रसंग निम्मा करा. ते मान्य, तिथे मला माहिती सांगायचा मोह झाला होता. दुसरी, काही बोलीशब्दांचे अर्थ तळटीपेत द्या. त्याला मी नम्रपणे नको म्हटलं. शाकारणं काय, आगोट काय, ते प्रसंगातूनच कळतंय, आणि द्वारकेच्या बोलण्याखाली रेघ मारून खुलासा दिला की ती परकी होते. ते थोडं थांबले आणि "ठीक आहे, पण नाखवा कोण ते पहिल्या पानात स्पष्ट होऊ द्या" म्हणाले. रास्त आहे. एक वाक्य घातलं.

पुढच्या आठवड्यात गणपती. घर चाकरमान्यांनी भरेल. पहाटेचा तास गौरी-विसर्जनापर्यंत मोदकांच्या सारणाला.

३० ऑगस्ट

काकी बाजारात भेटल्या. कथा छापून येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न : "बोट वाचली काय त्यांची?" वाचली म्हटलं. "मंग बरा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. अंक आला की पहिली प्रत त्यांना द्यायची. त्यांना वाचता येत नाही, पण सून वाचून दाखवेल.

१४ सप्टेंबर

मुद्रितं आली, पीडीएफमध्ये. छापून काढून वाचली, कारण पडद्यावर काना-मात्रा निसटतात. 'काथ्या'चा 'कात्या' झालाय दोन ठिकाणी. द्वारकेच्या एका वाक्यातला 'वरीस' कोणी तरी 'वर्ष' करून टाकलाय, तो परत घ्यायला सांगितला आहे. मानधनासाठी बँकेचे तपशील मागितले, ते दिले.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा या महिनाअखेरच्या आत घ्यायची आहे. अहवालाची मुद्रितंही माझ्याकडेच आहेत, ताळेबंदाच्या पानावर एक ओळ दोनदा छापली गेलीय. ती उद्या दहाच्या आत छापखान्यात कळवायची. कथेची दुरुस्ती यादी आता पाठवली.